अक्षर कल्याणाचं, म्हणणं कुणाचं?

दासबोध म्हटलं की बहुतेकांना मूर्खांची लक्षणं आठवतात. त्याच ग्रंथात लिहावं कसं, यावर एक अख्खा समास आहे, हे फारसं कुणाच्या लक्षात नसतं. एकोणिसाव्या दशकातला पहिलाच समास, नाव लेखनक्रियानिरूपण. मोबाईलवर पाच मिनिटांत वाचून होतो. वाचाच. एमएस्सी नर्सिंगला नुकत्याच आलेल्या मुलामुलींना प्रबंध लिहिताना नेमकं काय अडतं, त्याचं उत्तर मला नर्सिंगच्या जाडजूड संशोधन-पुस्तकांपेक्षा त्या समासात लवकर सापडलं. गंमत म्हणजे, त्यात जे लिहिलेलं नाही, त्यामुळे सापडलं.

लिहिलेलं काय आहे? अक्षर गोलसर आणि सुटं हवं. दोन ओळींतलं अंतर सगळीकडे सारखं हवं, वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकता कामा नये. आधी पान आखून घ्यावं, मग लिहावं. पहिल्या पानावरचं आणि शेवटच्या पानावरचं अक्षर एकाच बोरूचं वाटलं पाहिजे. चारी बाजूंना कोरी जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झिजल्या तरी मजकूर शाबूत राहतो. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते वाचता येत नाही. कागद, बोरू, शाई, सुरी, कातरी, सगळी सामग्री जमवून ठेवावी.

सल्ला चोख आहे. पण तो कोणासाठी आहे? लेखकासाठी नाही. काय लिहावं, कशाच्या जोरावर लिहावं, याबद्दल तिथे फारसं काही नाही. हा सल्ला लेखनिकाला दिलेला आहे, म्हणजे दुसऱ्याचं म्हणणं कागदावर नीट उतरवणाऱ्याला.

वरंधा घाटाच्या पायथ्याशी, महाडहून बिरवाडीमार्गे गेलं की शिवथर लागतं. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी शोधून काढलेली समर्थांची घळ ती हीच. दासबोध इथे आकाराला आला, समर्थ सांगत गेले आणि कल्याणस्वामी लिहीत गेले, असं परंपरा सांगते. घळीत आज त्या प्रसंगाच्या मूर्ती आहेत. एक सांगतो आहे, एक लिहितो आहे. लेखन नावाच्या कामाचे दोन भाग समोरासमोर बसलेले मराठीत दुसरीकडे कुठे दिसणार?

आपल्या नर्सिंग शिक्षणाची गोची अशी, की ते चार वर्षं कल्याण घडवतं आणि पाचव्या वर्षी समोर समर्थ बसलेले असावेत अशी अपेक्षा धरतं.

केसबुकातलं सुवाच्य आयुष्य

तुमच्या घरात किंवा ओळखीत कुणी बीएस्सी नर्सिंग किंवा जीएनएम करत असेल, तर त्यांच्या वह्या बघा. केसबुक, प्रोसिजर बुक, ड्रगबुक, केअर प्लॅन. लाल पेनाने मथळे, निळ्याने मजकूर, पट्टीने आखलेले रकाने, पेन्सिलीने रंगवलेल्या आकृत्या. एकोणिसाव्या दशकातल्या समासाला यात बोट ठेवायला जागा सापडणार नाही.

केअर प्लॅनचे रकाने ठरलेले असतात. रुग्णाची पाहणी, नर्सिंग निदान, उद्दिष्ट, नियोजन, कृती, कृतीमागचं कारण, मूल्यमापन. रचना म्हणून ती उत्तम आहे, कारण ती विचाराच्या पायऱ्याच मांडते. पण भरली कशी जाते? सीनियरची फाइल समोर ठेवून. रुग्ण बदलतो, आजार बदलतो, शेवटच्या रकान्यातलं वाक्य मात्र तेच राहतं, की उद्दिष्ट काही अंशी साध्य झालं. ते खरंच झालं का, किती झालं, कशावरून, हे कुणी विचारत नाही. तपासणाऱ्या मॅडमसमोर साठ फायलींचा ढीग असतो. त्या मथळे बघतात, सही करतात, पुढची फाइल घेतात.

यात मुलींचा आळस शोधू नका. वॉर्डात दिवसभर उभं राहून, हॉस्टेलवर परत येऊन, रात्री अकराला त्या हे लिहितात. ज्याला गुण मिळतात तेच हात शिकतो. चार वर्षं गुण मिळाले ते नीटनेटकेपणाला, पूर्णतेला, वेळेत देण्याला. वाक्य कोणाचं आहे याला कधी मिळाले नाहीत.

मग एमएस्सी येतं. तिथे प्रवेशाला आधी वर्षभर तरी कामाचा अनुभव लागतो, म्हणजे विद्यार्थिनी कोरी पाटी घेऊन आलेली नसते. तिने रात्रपाळ्या केलेल्या असतात, मृत्यू पाहिलेले असतात, डॉक्टर येईपर्यंत रुग्ण सांभाळलेला असतो. आणि तिला सांगितलं जातं, संशोधनाचा विषय आण. ती काय आणते?

प्रबंध नावाचा साहित्यप्रकार

ती साधारण असा विषय आणते: ‘अमुक शहरातील निवडक भागांतील मातांच्या तमुक विषयावरील ज्ञानावर नियोजित शिक्षण कार्यक्रमाच्या परिणामकारकतेचा अभ्यास’. अमुक आणि तमुकच्या जागी काहीही भरा. स्तनपान भरा, रक्तक्षय भरा, डेंग्यू भरा. महाराष्ट्रातल्या आणि शेजारच्या राज्यांतल्या नर्सिंग कॉलेजांची ग्रंथालयं या एका वाक्याच्या आवृत्त्यांनी भरलेली आहेत. कादंबरी किंवा लावणी यांचे जसे संकेत असतात तसे याचेही आहेत. म्हणून साहित्यप्रकार म्हणूनच तो वाचून बघू.

पहिलं प्रकरण अभ्यासाची गरज सांगतं. सुरुवात जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्याने होते. मग भारताचा आकडा, मग राज्याचा, आणि शेवटी ‘म्हणून संशोधिकेला या अभ्यासाची गरज वाटली’. हे वाक्य नीट वाचा. सगळा प्रवास जिनिव्हाहून निघून वॉर्डाच्या दारापर्यंत येतो आणि आत न जाता संपतो. संशोधिकेने स्वतः काय पाहिलं, म्हणून तिला गरज वाटली? ते कुठेच नाही. ‘मी’ लिहायला बंदी, म्हणून ‘संशोधिका’ हा शब्द आला. ‘मी’ गेली आणि तिच्याबरोबर तिने पाहिलेलंही गेलं.

दुसरं प्रकरण पूर्वीच्या अभ्यासांचा आढावा. एक परिच्छेद, एक अभ्यास. अमक्या ठिकाणी शंभर जणांवर वर्णनात्मक अभ्यास झाला, सोयीनुसार नमुना निवडला, निष्कर्ष असा निघाला. पुढचा परिच्छेद, पुढचा अभ्यास. दहा, वीस, तीस. लग्नाच्या पंगतीत अनोळखी माणसं ओळीने बसवावीत तसे ते बसलेले असतात. कुणी कुणाशी बोलत नाही. दोन अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांविरुद्ध असले तरी त्यांचं भांडण लागत नाही.

मग सैद्धांतिक चौकट येते. बर्टालन्फींचा व्यवस्था-सिद्धांत किंवा इमोजेन किंग यांचा उद्दिष्टप्राप्तीचा सिद्धांत, चौकोन आणि बाण काढून. पुढे प्रश्नावली. आज विचारा, शिकवा, आठवड्याने तेच प्रश्न पुन्हा विचारा. गुण वाढतात. वाढणारच, आठवड्यापूर्वी उत्तरं आपणच सांगितली होती. संख्याशास्त्र गंभीर चेहऱ्याने सांगतं की फरक लक्षणीय आहे. आईने बाळाला खरंच सहा महिने फक्त अंगावरचं दूध पाजलं का, हे पाहायला कुणी थांबत नाही, कारण तोवर सबमिशनची तारीख आलेली असते. आणि शेवटची शिफारस ठरलेली, की असाच अभ्यास मोठ्या नमुन्यावर करावा.

या साच्यावर हसणं सोपं आहे. त्याची बाजूही ऐकायला हवी. घरातली पहिली पदवीधर, बारावीपर्यंत मराठी माध्यम, इंग्रजी प्रबंधाचं दडपण, गाइडकडे वेळ नाही. अशा मुलीला साचा आधार देतो. आखलेल्या पानावर लिहिणं सोपं जातं, हे समर्थांनीही सांगितलेलं आहे. शास्त्रीय लेखनाला ठराविक आकार असतो तो याच कारणासाठी. वाचणाऱ्याला हवी ती गोष्ट हव्या त्या जागी सापडावी. माझी तक्रार आखलेल्या ओळींबद्दल नाही. ओळी आखून झाल्यावर त्यांवर लिहायचं असतं, हे सांगायचं राहून गेलं, एवढीच आहे.

ग्रंथारंभाचे चार प्रश्न

सांगायचं ते दासबोधातच आहे, फक्त वेगळ्या जागी. पहिल्या दशकाच्या पहिल्या समासात. लेखनिकाच्या सूचना एकोणिसाव्या दशकात, लेखकाचं काम पहिल्यात. हा अंतराचा हिशेब मला फार बोलका वाटतो.

तो समास भाविकपणे वाचतात. एकदा संशोधनाच्या प्रस्तावासारखा वाचून पाहा. सुरुवातीलाच श्रोते विचारतात. हा ग्रंथ कोणता? यात काय सांगितलंय? ऐकून मिळेल काय? म्हणजे विषय, व्याप्ती, उपयोग, हे तीन प्रश्न वाचकाच्या तोंडी आधीच घातले आहेत. पुढे कशाकशाचं विवेचन केलं आहे त्याची यादी येते. मग आधार कोणते ते येतं. वेदान्त, श्रुती, निरनिराळ्या गीता, असे ग्रंथ नावानिशी सांगितले आहेत. आणि त्या सगळ्यांच्या जोडीला, किंबहुना त्यांच्याही वर, एक आधार ठेवलाय तो स्वतःच्या अनुभवाचा. समर्थ त्याला प्रचिती म्हणतात, आणि पुढच्या दशकांत या शब्दाकडे ते पुन्हा पुन्हा येतात.

चौथा प्रश्न तोच, कशावरून? उत्तराचे भाग दोन, आधीच्यांनी काय म्हटलंय आणि मी स्वतः काय पडताळलंय. संशोधन-लेखनाचा सांगाडा याहून फार वेगळा नसतो.

एका जागी मात्र समर्थांचं बोट सोडावं लागतं. जो या ग्रंथाला खोटं म्हणेल त्याला त्या समासात मत्सरी, अभिमानी ठरवलं आहे. ग्रंथ मोक्षाचा आहे, त्याची रीत तशी. शास्त्रीय लेखनाला हे परवडत नाही. तिथे शंका घेणाऱ्याला खुर्ची द्यावी लागते, माझं कुठे चुकलेलं असू शकतं हे आपल्याच हाताने लिहून द्यावं लागतं. प्रबंधात ‘मर्यादा’ नावाचं जे अर्धं पान असतं, ते त्यासाठी. आपल्याकडे तिथे वेळ कमी होता, नमुना लहान होता, एवढंच लिहितात. हजेरीपुस्तकात आजारपणाची रजा लिहावी तसं.

बिरवाडीची रात्र

आता शिवथरहून खाली बिरवाडीला येऊ. १९७० च्या दशकात इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एक तरुण डॉक्टर नोकरीला होते. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे हिंमतराव बावस्कर. कोकणात लाल विंचू चावून माणसं मरत होती, मुलं जास्त. पुस्तकांत या मृत्यूंचं नीट उत्तर नव्हतं. बावस्कर रुग्णांजवळ बसून राहिले आणि काय होतं ते टिपत गेले.

टिपलं काय? उलट्या. अंगभर घाम. गार पडलेले हातपाय. ही चिन्हं दिसली की पुढे हृदयावर ताण येतो, फुप्फुसांत पाणी भरतं. १९८२ मध्ये ‘द लॅन्सेट’ या लंडनच्या नियतकालिकात त्यांचा लेख आला तो याच आगाऊ चिन्हांवर. १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात, डॉ. प्रमोदिनी बावस्करांच्या जोडीने, प्राझोसिन या रक्तदाबावरच्या गोळीच्या वापराबद्दल लिहिलं. विषामुळे शरीरात उसळणाऱ्या द्रव्यांनी रक्तवाहिन्या आवळल्या जातात, आणि ही गोळी त्या सैल करते. ग्रामीण दवाखान्याला परवडणारी, स्वस्त. पुढे हा उपचार देशोदेशी गेला, २०२२ मध्ये बावस्करांना पद्मश्री मिळाली.

मला त्यांचा २०११ चा, ‘बीएमजे’ मधला अभ्यास लेखनाचा धडा म्हणून जास्त मोलाचा वाटतो. महाडच्याच रुग्णालयात सत्तर रुग्ण. निम्म्यांना फक्त प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिन आणि विंचवाच्या विषावरची लस. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते दुसऱ्या गटात ३५ पैकी ३२, पहिल्यात ३५ पैकी ८. म्हणजे ज्या गोळीने त्यांचं नाव झालं, ती एकटी पुरेशी नाही, हे त्यांनी स्वतःच मोजलं आणि छापलं. समासातल्या मत्सरी शंकेखोराची खुर्ची त्यांनी स्वतःच घेतली.

आता १९८२ च्या त्या यादीकडे पुन्हा बघा. घाम. उलटी. गार हातपाय. यंत्र न लावता, हात लावून कळणाऱ्या गोष्टी आहेत या. नर्स पाळीला दहादा टिपते त्याच. प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री रुग्णाजवळ डॉक्टर एकटा कधीच नसतो. महाड-पोलादपूरच्या डोंगरात, जिथे पावसाळ्यात घाट बंद पडतो, दरड कोसळते, तिथे तर गावातल्या उपकेंद्राची सिस्टर हीच बहुतेक वेळा पहिली आणि कधी कधी एकटी साक्षीदार असते. तिच्या नोंदवहीत किती निबंध पडून असतील?

‘मध्यम’ म्हणजे किती?

हे कल्पनेतलं बोलणं वाटत असेल तर बेळगावचं उदाहरण घ्या.

बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाची नोंद प्रसूतिगृहात रोज होते. बऱ्याचदा ती एका शब्दाची असते: मध्यम. एका सिस्टरचं मध्यम आणि दुसरीचं मध्यम सारखं असतं का? पाचशे मिलिलिटरच्या वर रक्त गेलं की तो धोक्याचा रक्तस्राव मानतात. पण चादरीत, कापसात, जमिनीवर मुरलेलं रक्त नजरेने कसं मोजायचं? बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजातल्या संशोधकांनी अमेरिकी सहकाऱ्यांसोबत एक साधी वस्तू वापरली. बाळंतिणीच्या खाली अंथरायची प्लास्टिकची चादर, तिला खुणा केलेली पिशवी. रक्त पिशवीत जमतं, खूण वाचायची, आकडा लिहायचा. २००६ मध्ये छापलेल्या तुलनेत दिसलं की नजरेचा अंदाज पिशवीच्या मापापेक्षा साधारण एक-तृतीयांश कमी भरतो. मध्यम या शब्दाआड इतकं रक्त लपत होतं.

त्याच वर्षी ‘लॅन्सेट’ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांतला दुसरा अभ्यास आला. १६२० बायका. बाळंतपणानंतर काहींना मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या, काहींना औषध नसलेल्या तशाच दिसणाऱ्या गोळ्या. बाळंतपणं केली, गोळ्या दिल्या आणि रक्त मोजून लिहिलं ते २५ एएनएमनी. रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलेलं दिसलं. तशाच खुणांच्या चादरीला उपचारांच्या एका ठरलेल्या संचाची जोड देऊन आफ्रिकेतल्या चार देशांत मोठा अभ्यास झाला, तो २०२३ मध्ये छापून आला, आणि गंभीर परिणाम साठ टक्क्यांनी घटल्याचं त्यात दिसलं.

या सगळ्याचा पाया काय? एएनएमच्या हातची एक खरी नोंद, ‘मध्यम’ च्या जागी आकडा. एमएस्सीच्या विद्यार्थिनीला विषय सापडत नाही म्हणतात, तेव्हा तो तिने काल रात्री भरलेल्या तक्त्यातल्या एका संदिग्ध शब्दात बसलेला असतो.

नर्सला आधीच येणारं लेखन

नव्या विद्यार्थिनींना लेखन शिकवताना आपण एक गृहीत धरतो, की त्यांना लिहिता येत नाही. मग व्याकरण, संदर्भसूची, चौर्य शोधणारं सॉफ्टवेअर यांची व्याख्यानं होतात. ती हवीतच. पण वॉर्डातली नोंद बारकाईने वाचा, त्यात शास्त्रीय लेखनाचे जवळजवळ सगळे अवयव सापडतात.

रुग्ण म्हणतो पोटात दुखतंय, आणि पोट दाबल्यावर कडक लागतंय, या दोन गोष्टी नर्स वेगळ्या लिहायला शिकते. एक त्याचं सांगणं, एक तिची पाहणी. दावा आणि पुरावा यांतला फरक यापेक्षा वेगळा काय असतो? जिला ही शिस्त हाडात मुरवलेली आहे, तिला ‘एका अभ्यासात असं आढळलं’ आणि ‘असं असतं’ यांतला फरक पाच मिनिटांत समजावता येतो.

नोंदीखाली वेळ आणि सही असते. २.१० ला सलाइन लावलं, सही. कुणी केलं, कधी केलं, उद्या प्रश्न आला तर कुणाला विचारायचं. संदर्भ देणं म्हणजे हेच. हे वाक्य कुणाच्या पाळीतलं आहे ते सांगणं. दुसऱ्याने दिलेल्या इंजेक्शनपुढे आपली सही करायची नाही, हे जिला पटतं तिला वाङ्मयचौर्य हा टक्केवारीचा प्रश्न वाटणार नाही.

आणि पाळीबदल. जाणारी सिस्टर येणारीला वीस रुग्णांची हकीकत दहा मिनिटांत सांगते. ती प्रत्येकाचा जन्मापासूनचा इतिहास वाचत नाही. पाच नंबरचा ताप उतरलाय पण लघवी कमी आहे, लक्ष ठेव. नऊ नंबरबद्दल सकाळच्या आणि दुपारच्या डॉक्टरांचं मत वेगळं आहे, विचारून घे. काय माहीत आहे, कशाबद्दल मतभेद आहेत, काय बघायचं राहिलंय. पूर्वीच्या अभ्यासांचा आढावा असाच असायला हवा. पंगतीत बसवलेले तीस परिच्छेद एका पाळीबदलाच्या हकीकतीत बदला, प्रकरण जिवंत होतं.

म्हणून नव्या मुलीला पहिल्या आठवड्यात प्रबंधाची चौकट दाखवू नये, असं मला वाटतं. तिला एक पान मराठीत लिहायला सांगावं. काय पाहिलं? किती वेळा? कशाचं आश्चर्य वाटलं? याचं दुसरं काय कारण असू शकेल? हे आधी कुणी पाहिलंय का? ते पान तिचं स्वतःचं असेल, वेडंवाकडं असेल. मग गाइडने त्या पानावर बसावं, मथळ्यांवर सही न करता. त्याच पानाची दुसरी, तिसरी आवृत्ती लिहून घ्यावी. दासबोधाचे पहिले सात दशक आधी रचले गेले आणि पुढचे तेरा नंतर जोडले गेले असावेत, असं अभ्यासक मानतात, कारण सातव्याच्या शेवटी ग्रंथ आटोपल्यासारखा वाटतो. एवढा मोठा ग्रंथही एका बैठकीत उतरला नसेल, तर एमएस्सीच्या प्रबंधाने का उतरावं?

इंग्रजी आणि मोबाईल

दोन आक्षेप येतील. पहिला इंग्रजीचा. प्रबंध इंग्रजीतच द्यायचा आहे, मग मराठी पानाचा उपयोग काय? उपयोग असा, की विचार झालेला असला तर भाषांतराची अडचण ही फक्त भाषेची अडचण उरते. ती शब्दकोश, मैत्रीण, शिक्षक, कुणीही सोडवू शकतं. विचारच झालेला नसला की इंग्रजी वाक्य लांब होत जातं, आणि लांबीलाच विद्वत्ता समजलं जातं. ‘असे निदर्शनास आले की’ असं लिहायला लागलेल्या मुलीला विचारा, कुणाच्या निदर्शनास? बहुतेक वेळा ती खुदकन हसते आणि सरळ वाक्य लिहिते.

दुसरा आक्षेप तुमच्या हातातच आहे. आता मोबाईलला सांगितलं की अर्ध्या मिनिटात अभ्यासाची गरज, आढावा, चौकट, शिफारस, सगळं बिनचूक इंग्रजीत मिळतं. लेखनक्रियानिरूपणातल्या कसोट्या लावल्या तर हा आदर्श लेखनिक आहे. पहिलं अक्षर आणि शेवटचं अक्षर सारखं, ओळ ओळीला लागत नाही, थकणं नाही. म्हणूनच साच्यातला प्रबंध आता संपल्यात जमा आहे. जे काम निव्वळ लेखनिकाचं होतं ते यंत्राकडे गेलं, आणि चार वर्षं फक्त तेवढंच शिकवलेली मुलगी रिकाम्या हाताने उभी राहिली. यंत्राला एक गोष्ट जमत नाही. रात्री दोनला त्या खाटेजवळ ते नव्हतं. हात गार पडलेत हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं, आणि सांगणारीला ते आधी नीट शब्दांत पकडावं लागतं.

कल्याणस्वामींवर इथवर थोडा अन्याय झालाय, तो दूर करायला हवा. ते नुसते लेखनिक नव्हते. त्यांच्या स्वतःच्या रचना आहेत. सीना नदीकाठी डोमगावला त्यांचा मठ आहे आणि त्यांच्या हातची म्हणून दासबोधाची प्रत तिथे जपलेली आहे. आधी त्यांनी ऐकलं, उतरवलं, अक्षर घोटलं, आणि मग स्वतःचं म्हटलं. क्रम हाच असतो, त्यात कमीपणा नाही. आपल्या नर्सिंग कॉलेजांनी पहिला भाग मनापासून शिकवला आहे, त्या केसबुकांमधलं अक्षर खरंच देखणं आहे. डोमगावचा रस्ता तेवढा अजून दाखवलेला नाही.

आणि तो दाखवायची घाई आहे. महाड तालुक्यातल्या एखाद्या उपकेंद्रात आज रात्रीही कुणीतरी ‘मध्यम’ असं लिहिणार आहे. त्याच्या जागी काय लिहायला हवं होतं हे सर्वांत आधी ओळखू शकेल ती तीच सिस्टर. ते तिच्याच नावाने छापून यायचं असेल, तर तिच्या प्रबंधाचं पहिलं वाक्य जिनिव्हात सुरू न होता तिच्या वॉर्डात सुरू व्हायला हवं.